बरे वाटणे आणि बरे होणे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आज ज्या विषयावर बोलणार आहे, त्यावर बोलायचा याला काय अधिकार, असे तुम्हांला वाटेल. मी डॉक्टर नाही. बी.ए. झालेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस आहे. पण या विषयाचे एक देणे माझ्याकडे तीस वर्षांपासून थकले आहे. ते थोडेफार फेडावे म्हणून बोलतो.

मी बी.ए. झालो तेव्हा आमच्या जालन्याच्या गल्लीत शिकलेली माणसे बोटांवर मोजण्याइतकी होती. कुठलाही कागद आला की तो माझ्याकडे यायचा. विजेचे बिल, मनिऑर्डरची पावती, कोर्टाची नोटीस, दवाखान्याची चिठ्ठी. एका दुपारी शेजारच्या खाला असाच एक कागद घेऊन आल्या. त्यांच्या सुनेला सहावा महिना लागला होता. म्हणाल्या, "देख बेटा, क्या लिख्या है इसमें." रक्ततपासणीचा कागद होता. हिमोग्लोबिन, रक्तगट आणि शेवटी एक ओळ : व्हीडीआरएल, रिअॅक्टिव्ह. मला अर्थ ठाऊक नव्हता. "उद्या सांगतो" म्हणालो आणि संध्याकाळी ओळखीच्या एका कंपाउंडरला विचारले. त्याने आधी इकडेतिकडे पाहिले, मग हलक्या आवाजात म्हणाला, "गर्मी आहे. नवरा-बायको दोघांनाही सुया घ्याव्या लागतील."

दुसऱ्या दिवशी खाला आल्या. माझ्या आईच्या वयाच्या. तो शब्द त्यांच्यासमोर उच्चारायला माझी जीभ रेटेना. शिवाय गल्लीत बोभाटा झाला तर दोष सुनेच्याच माथी बसेल, अशी भीतीही होती. मी सांगितले, रक्तात थोडा दोष आहे, सवडीने डॉक्टरांना दाखवून घ्या. रक्तात दोष म्हणजे अशक्तपणा, असा अर्थ त्यांनी लावला. सुनेला खजूर, गूळ-शेंगदाणे सुरू झाले. आठव्या महिन्यात मूल जन्मले ते मृतच.

ते कशाने गेले हे मी खात्रीने सांगू शकत नाही. पण त्या कागदाचा अर्थ मला कळला होता आणि ज्यांना कळायला हवा होता त्यांच्यापर्यंत मी तो पोहोचू दिला नाही, एवढे खरे. पुढे मी या रोगाबद्दल मिळेल ते वाचत गेलो, डॉक्टर मित्रांना विचारत गेलो. त्यातून जे समजले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी नावांविषयी थोडेसे. शब्दांत वावरणाऱ्या माणसाला एवढी मुभा द्या. उपदंशाला आपण मराठीत 'गर्मी' म्हणतो. आमच्या घरात बोलल्या जाणाऱ्या दखनी-उर्दूत त्याला 'आतशक' म्हणतात; आतश म्हणजे आग. आपण ज्याला 'परमा' म्हणतो त्याला उर्दूत 'सोज़ाक', आणि सोज़ म्हणजे जळणे. सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांनी 'भावप्रकाश' या वैद्यकग्रंथात 'फिरंग रोग' असे नाव दिले, कारण हा रोग फिरंग्यांबरोबर आला असे मानले जाई. तिकडे युरोपात इटलीची माणसे त्याला फ्रेंचांचा रोग म्हणत आणि फ्रेंच माणसे नेपल्सचा. आपल्या घरचा असे कोणीच म्हणाले नाही. या सगळ्यांना मिळून आपला एक ठेवणीतला शब्द आहे, 'गुप्तरोग'. तो आपण लाजेपोटी केला. पण वाचत गेलो तसे लक्षात आले, की या रोगांचे जंतूही शरीरात लपूनच जगतात.

ते कसे, हे समजायला शरीराची नेहमीची लढाई पाहू. पायात काटा मोडतो. दुसऱ्या दिवशी तिथे लाली येते, ठणका लागतो, पू होतो. आपण म्हणतो, काटा चिघळला. खरे तर तो ठणका बराचसा आपल्याच शरीराच्या झुंजीचा असतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात, जंतूंना गिळतात आणि तिथेच मरतात. पू म्हणजे बहुतांशी या मेलेल्या पेशी. ही झाली पहिली फळी. दरम्यान काही पेशी जंतूचे तुकडे जवळच्या गाठींत नेऊन दाखवतात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते ना, त्याच या गाठी. तिथे त्या जंतूला नेमक्या ओळखणाऱ्या पेशी निवडल्या जातात, त्यांची संख्या वाढते आणि त्यांतल्या काही पेशी रक्तात प्रतिपिंडे सोडतात. प्रतिपिंड म्हणजे त्या जंतूला चिकटून त्याला पकडून देणारे रेणू. या सगळ्याला आठवडा-दोन आठवडे लागतात. लढाई संपली तरी काही पेशी ती ओळख लक्षात ठेवतात. म्हणून गोवर एकदा येऊन गेला की सहसा पुन्हा येत नाही. लसी याच आठवणीवर उभ्या आहेत.

शरीरसंबंधातून येणारे काही जंतू मात्र या व्यवस्थेला नेमके गुंगारा देतात.

उपदंशाचा जंतू घ्या. मळसूत्रासारखा पीळदार आणि इतका बारीक, की तो १९०५ मध्ये जर्मनीत शॉडिन आणि हॉफमन यांना दिसला. बहुतेक जंतूंच्या अंगावर शरीराला ओळखू येतील अशा पुष्कळ खुणा असतात. याच्या बाहेरच्या आवरणावर त्या फार थोड्या. त्यामुळे पहारेकऱ्यांना तो चटकन ओळखू येत नाही. तो बारीकशा खरचटलेल्या जागेतून शिरतो आणि जखम दिसायच्या आधीच रक्तातून सगळीकडे पसरतो. साधारण तीन आठवड्यांनी शिरकावाच्या जागी एक चट्टा उठतो. तो सहसा दुखत नाही. जांघेत अवधाण येते, तेही बहुधा न ठणकणारे. बाईच्या बाबतीत चट्टा आतल्या बाजूला असला तर तिला तो दिसतही नाही.

आता शरीर जागे होते. त्या जागी पेशी गोळा होतात, प्रतिपिंडे जंतूंना चिकटतात, भक्षक पेशी त्यांना गिळून टाकतात आणि तीन ते सहा आठवड्यांत चट्टा भरून येतो. औषध घेतले तरी आणि न घेतले तरी.

श्रोतेहो, सगळी फसगत इथे आहे. त्या सहा आठवड्यांत ज्याने मलम दिले, पुडी दिली, ताईत बांधला, त्याच्या नावावर ती जखम बरी होते. 'शर्तिया इलाज'चे फलक रंगवणाऱ्यांचा धंदा शरीराच्या याच कामावर चालतो. जखम शरीराने भरून काढली, पण दूरवर पांगलेले जंतू राहून गेले. पुढे काही आठवड्यांनी, महिन्यांनी अंगावर पुरळ येतो, अगदी तळहातांवर आणि तळपायांवरसुद्धा. खाज बहुधा नसते. थोडा ताप, घसादुखी. शरीर पुन्हा लढते, पुरळ पुन्हा मावळतो. या जंतूला आपल्या आवरणावरच्या एका प्रथिनाचे तुकडे सतत बदलता येतात. शरीराने एक चेहरा लक्षात ठेवावा, तोवर उरलेल्या काहींनी दुसरा धारण केलेला असतो. मग कित्येक वर्षे काहीच नाही. माणूस धडधाकट, कामाधंद्याला लागलेला. उपचार न घेतलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांत हा रोग पुढे पुन्हा डोके वर काढतो आणि हृदयाजवळची मोठी रक्तवाहिनी, मेंदू, हाडे यांचे नुकसान करतो.

आता त्या कागदावरच्या शब्दाकडे येतो. व्हीडीआरएल ही अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेच्या नावाची आद्याक्षरे. ही तपासणी जंतू शोधतच नाही. जंतूमुळे पेशींची मोडतोड होते, तेव्हा पेशींतल्या एका स्निग्ध पदार्थाविरुद्ध शरीर प्रतिपिंडे बनवते. ही तपासणी ती प्रतिपिंडे मोजते. म्हणजे चोर दिसला नाही, पण घरातल्या धावपळीचा आवाज ऐकू आला, असे म्हणा. कधी तो आवाज भलत्याच कारणाने होतो. हिवतापात, कुष्ठरोगात, क्वचित नुसत्या गरोदरपणातही ही तपासणी 'रिअॅक्टिव्ह' येऊ शकते. म्हणून खात्रीसाठी दुसरी तपासणी करतात, ती थेट या जंतूविरुद्धची प्रतिपिंडे पाहते. रोग कोणाकडून कोणाला आला, हे मात्र कुठलाच कागद सांगत नाही. कागद हातात घेऊन सुनेकडे बोट दाखवण्याआधी हे लक्षात ठेवावे.

आणखी एक गोष्ट. दुसऱ्या तपासणीत सापडणारी ही प्रतिपिंडे उपचारानंतरही बहुतेकांच्या रक्तात जन्मभर राहतात. पण त्यांचा पहारा पुरेसा नसतो. पूर्ण बरा झालेला माणूस पुन्हा संसर्ग झाला तर पुन्हा आजारी पडतो.

परम्याची तऱ्हा वेगळी. त्याचा जंतू १८७९ मध्ये नाइसर या जर्मन डॉक्टरने दाखवला. तो लपत नाही, उलट पहिल्या फळीला अंगावर घेतो. पांढऱ्या पेशी लाखोंनी धावतात, म्हणून पुरुषांत पू आणि लघवीला जळजळ. पण गिळले गेलेले काही जंतू त्या पेशींच्या पोटातही तग धरतात. वर हा जंतू आपल्या अंगावरच्या खुणा सारख्या बदलत राहतो आणि शरीराची टिकाऊ आठवण तयारच होऊ देत नाही. त्यामुळे तोच रोग त्याच माणसाला कितीही वेळा होऊ शकतो. त्यातच आपण दुकानातून परस्पर गोळ्या आणून, दोन खाऊन दोन ठेवून देण्याची सवय लावून घेतली. एकेका औषधाला हा जंतू जुमानेनासा झाला आहे.

तिसरा क्लॅमिडिया. हा पेशींच्या आत घर करतो. बहुसंख्य बायकांना काहीच त्रास जाणवत नाही. मात्र आत महिनोन् महिने धुसफूस चालू राहते आणि ती लढाई गर्भनलिकांत वण सोडून जाते. शेत वाचवायला धावलेल्या माणसांच्या पायांखालीच पीक तुडवले जावे, तसे हे. नलिका अरुंद होतात, कधी बंद होतात. मग मूल राहत नाही, किंवा गर्भ नलिकेतच राहून जिवावर बेतते. 'कूस उजवत नाही' म्हणून जिला घराबाहेर काढले जाते, तिच्या बाबतीत कधी कधी घडलेले एवढेच असते; आणि तो संसर्ग तिला नवऱ्याकडून आलेला असू शकतो.

हे सगळे किती मुकाट्याने सोसले जाते, हे आपल्याच महाराष्ट्राने जगाला दाखवले. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात ते निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा एक ना एक त्रास होता. हे सगळेच आजार शरीरसंबंधातून आलेले नव्हते. पण आधी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया किती होत्या? फक्त ८ टक्के. अंगावरून पांढरे जाते, कंबर दुखते, ओटीपोट दुखते, आणि बाई म्हणते, बाईच्या जातीला हे असायचेच.

आता पोटातल्या बाळाविषयी. उपदंशाचा जंतू वारेतून बाळापर्यंत जातो. आईची प्रतिपिंडेही वारेतून जातात, पण ती या जंतूला अडवू शकत नाहीत, आणि बाळाची स्वतःची फौज अजून कच्ची असते. आईचा रोग जागता असेल आणि उपचार झाले नाहीत, तर निम्म्याहून अधिक गरोदरपणांत काही ना काही विपरीत घडते : मूल पोटातच जाते, अपुऱ्या दिवसांचे जन्मते किंवा रोग घेऊन येते. उलट, वेळेत उपचार झाले तर बहुतेक बाळे सुखरूप जन्मतात. उपचार प्रसूतीच्या किमान महिनाभर आधी व्हायला हवेत, आणि जितक्या लवकर तितके चांगले.

उपचार तरी काय? पेनिसिलिनची सुई. १९४३ मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा चार रुग्णांवर वापरली गेली. आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि तिथे पेनिसिलिन बनू लागले. कितीतरी जंतू औषधांना बधेनासे झाले, पण उपदंशाचा जंतू आजही पेनिसिलिनपुढे टिकत नाही. रोग नवा असेल तर बहुधा एकाच वेळचे इंजेक्शन, जुना असेल तर आठवड्याच्या अंतराने तीन. मूल गेले त्या घराला एवढेच हवे होते.

सुई घेतल्यावर पहिल्या दिवशी काहींना थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येते, पुरळ वाढल्यासारखा दिसतो. 'सुई बाधली' म्हणून माणसे पुढच्या सुया टाळतात. हा ताप सहसा औषधाच्या वावड्याचा नसतो. एकाच वेळी जंतू मरून फुटतात आणि आतापर्यंत ज्यांचा पत्ता लागत नव्हता त्यांचे अवशेष शरीराला एकदम सापडतात, त्याची ती खळबळ असते. दिवसभरात ती ओसरते. श्वास लागणे, चेहरा सुजणे ही लक्षणे मात्र वावड्याची, त्यासाठी तिथल्या तिथे डॉक्टरांना सांगावे. गरोदर बाईला ताप आला किंवा पोटात कळा आल्या तर तिनेही लगेच दवाखाना गाठावा. आणि सुया दोघांनी घ्यायच्या. एकानेच घेतल्या तर रोग घरातल्या घरात फिरत राहतो.

मग एवढा सोपा उपाय असताना अडते कुठे? अडते ते बोलण्यात. एकोणिसाव्या शतकात आमच्या जालन्याला इंग्रजी फौजेची छावणी होती. सदर बाजार हे नाव त्याच काळाची आठवण. सैनिकांना हे रोग होऊ नयेत म्हणून इंग्रज सरकारने १८६८ मध्ये हिंदुस्थानात सांसर्गिक रोगांचा कायदा केला. त्यात वेश्याव्यवसाय करणाऱ्या बायकांची सक्तीने तपासणी होई, त्यांना 'लॉक हॉस्पिटल'मध्ये डांबले जाई. सैनिक मोकळेच. १८८८ मध्ये तो कायदा गेला, पण रोग बाईचा आणि पुरुष निर्दोष, ही समजूत मागे राहिली. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात 'समाजस्वास्थ्य'मधून या गोष्टी सरळ मराठीत सांगितल्या. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले.

आणि एक हकिकत अमेरिकेतली. अलाबामा राज्यातल्या टस्कीगी इथे १९३२ मध्ये सरकारी आरोग्य खात्याने गरीब कृष्णवर्णीय पुरुषांचा अभ्यास सुरू केला. त्यांतल्या ३९९ जणांना उपदंश होता. रोग आपल्या वाटेने जाऊ दिला तर काय होते, हे पाहायचे होते. पुढे पेनिसिलिन आले, तरी ते त्यांना दिले नाही. १९७२ पर्यंत हे चालले. १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी देशाच्या वतीने माफी मागितली. त्या माणसांना रोगाचे नाव सांगितलेच नव्हते. त्यांना सांगत असत, तुमचे रक्त खराब आहे.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. त्या डॉक्टरांचा हेतू आणि माझा संकोच यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे खरे. पण शब्द तोच होता. मी खालांना तेच सांगितले होते.

आज परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. गरोदर बाईच्या पहिल्या तपासणीतच एचआयव्हीबरोबर उपदंशाचीही तपासणी करायची असते. सरकारी जिल्हा रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' आहे. तिथे तपासणी आणि औषधे मोफत मिळतात, नाव बाहेर जात नाही. आमच्या अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतून दिवाळीच्या सुमाराला जोडपी ऊसतोडीला निघतात. कोयत्यावर जाणाऱ्या बाईला दिवस गेलेले असतील, तर निघण्याआधी आशाताईंना गाठून रक्त तपासून घ्यावे आणि कार्ड पेटीत न ठेवता बरोबर न्यावे. कागदावर काय लिहिले आहे ते विचारावे. उत्तर गुळमुळीत मिळाले तर पुन्हा विचारावे. तोंडावर चट्टा, जांघेत अवधाण, पू, जळजळ, यांतले काही होऊन आपोआप गेले असेल, तर त्याने निश्चिंत होऊ नये. ते शरीराने केलेले काम असते आणि ते बहुधा अर्धेच झालेले असते. लहान मुलांची, नातवंडांची आशा असलेल्या घरात हे बोलणे बेशरमपणाचे नाही.

खाला आता नाहीत. त्यांच्या सुनेला मी पुढे चारेक वर्षांनी सगळे नीट सांगितले. नवऱ्यासमोर सांगितले. ती काही बोलली नाही. तो खाली मान घालून म्हणाला, "तभी क्यूँ नहीं बोले, भाईजान?" दोघांनीही तपासण्या करून घेतल्या, सुया घेतल्या. त्यांची मुलगी यंदा पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. अधूनमधून काही वाचून दाखवायला ती माझ्याकडे येते. आता कागद तीच वाचते.